श्रवणयंत्रधारकांसाठी किमान एका खिडकीवर लूप हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक इमारतींमध्ये दिव्यांग आणि वृद्ध नागरिकांना सुलभतेने वावरता यावे, या विषयावर आपल्या दैनिकात वेळोवेळी लेख आणि वाचकांची पत्रे प्रसिद्ध होत असतात. उतार, कठडे, लिफ्ट, स्वच्छतागृहे यांची चर्चा आता बऱ्यापैकी रुळली आहे आणि ती व्हायलाच हवी. परंतु इमारतीत शिरून खिडकीपर्यंत पोहोचलेल्या माणसाला खिडकीपलीकडचे बोलणे ऐकू आले नाही, तर त्याचे तिथवर येणे व्यर्थ ठरते. श्रवणयंत्र वापरणाऱ्या नागरिकांची ही रोजची अडचण आहे. ती पुष्कळ प्रमाणात दूर करणारे, लहानसे आणि अनेक देशांत वर्षानुवर्षे वापरात असलेले एक साधन उपलब्ध असूनही आपल्याकडे त्याचे नावसुद्धा फारसे कोणाला ठाऊक नाही. बोलणाऱ्याचा आवाज तारेच्या वेटोळ्यामार्फत थेट श्रवणयंत्रात पोहोचवणाऱ्या या साधनाला इंडक्शन लूप म्हणतात. बँका, टपाल कार्यालये, एसटीची आरक्षण केंद्रे, रुग्णालयांतील केसपेपरच्या खिडक्या आणि तहसील कार्यालये यांनी किमान एका खिडकीवर हे साधन ठेवावे, आणि श्रवणयंत्रे देणाऱ्यांनी ती यंत्रे लूपसाठी तयार करून द्यावीत, एवढी मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे आणि निवृत्तीनंतर दोन्ही कानांना श्रवणयंत्रे वापरतो, त्यामुळे या विषयाची तांत्रिक बाजू आणि वापरणाऱ्याची बाजू या दोन्ही मला जवळून माहीत आहेत.

चष्मा लावला की दिसू लागते, तसे कानाचे मशीन लावले की ऐकू येऊ लागते, असे बहुतेकांना वाटते, आणि मग मशीन लावूनही पुन्हा पुन्हा विचारणारा माणूस त्यांना बेफिकीर किंवा हट्टी वाटू लागतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. वाढत्या वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी झिजतात आणि त्यातही उच्च कंप्रतेचे, म्हणजे बारीक, चढ्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. बोलण्यातील स्वर खालच्या कंप्रतेचे आणि जोरकस असतात, म्हणून कोणीतरी बोलत आहे हे कळते; पण स, श, ख, थ, फ यांसारखी व्यंजने क्षीण आणि उच्च कंप्रतेची असल्यामुळे काय बोलत आहे ते कळत नाही. फलाट सहा की दहा, रक्कम सात हजार की साठ हजार, तारीख एकोणीस की एकोणतीस, असे घोटाळे यातूनच होतात. श्रवणयंत्र हे सगळे आवाज मोठे करते आणि आधुनिक डिजिटल यंत्रे व्यक्तीच्या ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे तिला कोणत्या कंप्रतेचे किती ऐकू येते या आलेखाप्रमाणे, कोणती कंप्रता किती वाढवायची तेही ठरवतात. परंतु ज्या आवाजाची गरज आहे तो आणि ज्याची नाही तो, हे दोन्ही एकाच माइकमधून एकत्रच आत येतात.

अंतराचा परिणाम तर फारच मोठा आहे. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्याच्या आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते, मात्र पंख्याची घरघर, नोटा मोजणाऱ्या यंत्राचा आवाज, रांगेतील गप्पा आणि गुळगुळीत भिंतींवरून परतणारा घुमारा हे सर्व श्रोत्याच्या भोवतीच असते, ते काही कमी होत नाही. त्यात खिडकीला काच असते. करोनाच्या काळात ज्या खिडक्यांना काच नव्हती तिथेही ती आली आणि पुष्कळ ठिकाणी ती तशीच राहिली. काचेच्या तळाशी कागद सरकवण्यापुरती फट असते, कर्मचारी संगणकाकडे पाहत बोलतो, त्यामुळे ओठांच्या हालचालीवरून अर्थ लावण्याची जी सवय आम्हाला लागलेली असते तीही निरुपयोगी ठरते. निरोगी कानांच्या माणसाचा मेंदू गोंगाटातून एक आवाज निवडून काढू शकतो. आमच्या बाबतीत तीच क्षमता सर्वांत आधी दुबळी होते. म्हणून आम्हाला आवाज मोठा हवा असतो त्याहून अधिक तो स्वच्छ, म्हणजे बाकीच्या आवाजांपासून वेगळा केलेला हवा असतो.

नेमके हेच काम लूप करते. कर्मचाऱ्याच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, एक माइक असतो. त्या माइकने टिपलेल्या आवाजाबरहुकूम चढउतार होणारा विद्युतप्रवाह एक ॲम्प्लिफायर तारेच्या वेटोळ्यातून सोडतो, त्यामुळे वेटोळ्याभोवती तसेच चढउतार होणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या श्रवणयंत्रात टेलिकॉइल नावाचे तांब्याच्या तारेचे जे इवलेसे वेटोळे असते त्यात त्या क्षेत्रामुळे पुन्हा विद्युत संदेश तयार होतो. पुढे श्रवणयंत्र तो संदेश त्या व्यक्तीच्या ऑडिओग्रामप्रमाणे वाढवून कानात पोहोचवते. यात रेडिओलहरी नाहीत, फोनशी जोडणी करणे नाही, पासवर्ड नाही. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व, जे आपण शाळेत लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे घेऊन शिकतो, तेवढेच या साधनामागे आहे. श्रवणयंत्रधारकाला यंत्र ‘टी’ या स्थितीत न्यावे लागते, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. ‘टी’वर गेल्यावर श्रवणयंत्राचा स्वतःचा माइक बंद होतो, म्हणून पंखा, रांग आणि घुमारा तिथल्या तिथे गळून पडतात आणि बोलणारा जणू कानाशी येऊन बोलू लागतो. शेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकाचेही ऐकायचे असेल तर माइक आणि टेलिकॉइल दोन्ही चालू राहतील अशी ‘एमटी’ नावाची स्थिती अनेक यंत्रांत असते.

ही कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये जोसेफ पोलियाकॉफ यांनी १९३७ मध्ये अशा लूपसाठी पेटंट घेतले होते. टेलिकॉइल हे नाव टेलिफोनवरून पडले, कारण जुन्या टेलिफोनच्या कानाला लावायच्या भागातून जे चुंबकीय क्षेत्र बाहेर झिरपत असे, ते टिपण्यासाठी श्रवणयंत्रांत हे वेटोळे बसवू लागले. आपल्याकडेही कर्णबधिर मुलांच्या विशेष शाळांमध्ये वर्गाभोवती तार फिरवून लूप बसवण्याची पद्धत होती, आणि त्या क्षेत्रातील जुन्या शिक्षकांना हे साधन चांगले परिचयाचे आहे. शाळेच्या बाहेर, मोठ्यांच्या व्यवहारात मात्र ते आले नाही.

सभागृहाभोवती तार टाकून बसवायचे मोठे लूप असतात तशीच याची अगदी छोटी रूपेही असतात आणि या पत्राचा रोख मुख्यतः त्यांच्यावर आहे. खिडकीवर ठेवण्याचे उपकरण एखाद्या जाडजूड पुस्तकाएवढे असते. माइक, ॲम्प्लिफायर आणि वेटोळे हे सर्व एकाच खोक्यात, बहुधा चार्ज होणाऱ्या बॅटरीवर चालणारे. त्याचा प्रभाव साधारण मीटरभर अंतरापर्यंत असतो आणि खिडकीसाठी तेवढा पुरतो. दुसरे रूप नेकलूपचे. गळ्यात माळेसारखे घालायचे हे वेटोळे वायरने मोबाइलला, टीव्हीला किंवा एखाद्या रिसीव्हरला जोडले की तिथला आवाज थेट दोन्ही श्रवणयंत्रांत येतो. तिसरे रूप खुर्चीच्या गादीखाली ठेवायच्या पातळ चकतीचे किंवा चौकोनाचे, घरात टीव्ही पाहण्यासाठी. टीव्हीचा आवाज कोणासाठी किती ठेवायचा यावरून ज्या घरांत रोज संध्याकाळी धुसफुस होते, तिथे तर हे उपकरण फारच उपयोगी पडते, कारण घरच्यांना हवा तेवढाच आवाज ठेवून आजोबांना त्यांच्यापुरते स्वच्छ ऐकता येते.

माझी मुलगी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहते. तिच्याकडे मुक्कामाला असताना तेथील टपाल कार्यालयाच्या खिडकीवर कानाचे चित्र, त्यावर तिरकी रेघ आणि कोपऱ्यात ‘टी’ हे अक्षर अशी खूण मी पाहिली. यंत्र ‘टी’वर नेल्याबरोबर काचेपलीकडच्या बाईंचे बोलणे, त्यांचा उच्चार माझ्या सवयीचा नसूनही, मला शब्दन् शब्द कळले. त्यांनी आवाज चढवला नाही, माझ्या मुलीकडे वळून ‘यांना सांगा’ असे म्हटले नाही. त्या देशात बँका, रेल्वे स्थानके, दवाखाने, चर्च यांत ही खूण नित्याची आहे आणि लंडनच्या काळ्या टॅक्सींतही लूप असते. तेथील २०१० च्या समानता कायद्यानुसार सेवा देणाऱ्याने दिव्यांग ग्राहकासाठी वाजवी सोय करणे बंधनकारक आहे आणि सरकारी आरोग्यसेवेतून मिळणाऱ्या श्रवणयंत्रांत टेलिकॉइल साधारणपणे असतेच, त्यामुळे सोय आणि ती वापरू शकणारे लोक हे दोन्ही तिथे एकमेकांच्या आधाराने वाढले.

आता आपल्याकडचे एक उदाहरण घेऊ. दर नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशी वर्षांवरील ज्येष्ठांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. दाखला आता घरबसल्या डिजिटल पद्धतीनेही देता येत असला तरी बोटांचे ठसे न उमटणे, मोबाइल न हाताळता येणे अशा कारणांनी असंख्य वृद्ध शाखेतच जातात. म्हणजे वर्षातील ज्या दिवसांत बँकेत सर्वाधिक गर्दी आणि गोंगाट, त्याच दिवसांत कमी ऐकू येणारे ग्राहकही सर्वाधिक. खिडकीवर बसलेला कर्मचारी बिचारा दिवसभर ओरडून थकतो. पण त्या ओरडण्याने काय होते पाहा: खातेक्रमांक, जन्मतारीख, खात्यातील शिल्लक, मुलाचे नाव वारसदार म्हणून आहे की नाही, हे सर्व रांगेतल्या प्रत्येकाला ऐकू जाते आणि ज्याला ऐकू जायला हवे त्याला तरीही नीट कळत नाही, कारण ओरडल्यावर स्वर मोठे होतात, व्यंजने नव्हेत. ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःचे व्यवहार स्वतः केले, त्याला असे दोन-चार वेळा झाले की तो मुलाला किंवा शेजाऱ्याला बरोबर नेऊ लागतो, आणि पुढे सही करण्यापुरताच उरतो. आर्थिक फसवणुकीच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांतील काहींची सुरुवात याच परावलंबनातून होत असणार, असे मला वाटते. एका शाखेत मी स्वतःच्या नेकलूपला जोडलेला छोटा माइक कर्मचाऱ्यापुढे ठेवून व्यवहार केला तेव्हा त्यांना सुरुवातीला मी संभाषण ध्वनिमुद्रित करतो आहे अशी शंका आली. समजावून सांगितल्यावर मात्र त्यांनीच विचारले, की हे बँकेने ठेवले तर चालेल का. चालेल, आणि ठेवायला हवे ते बँकेनेच.

मग हे होत का नाही? खिडकीवर लूप नाही म्हणून श्रवणयंत्र विकणारा टेलिकॉइलचा विषय काढत नाही, आणि टेलिकॉइल चालू असलेले ग्राहक दिसत नाहीत म्हणून लूप बसवावा असे कोणाला सुचत नाही. यातील पहिली गाठ सोडवणे तुलनेने सोपे आहे आणि ती श्रवणयंत्रधारक व त्यांच्या घरच्यांच्या हातात आहे. कानामागे बसणाऱ्या अनेक डिजिटल यंत्रांत टेलिकॉइल असते, पण ते संगणकावरून चालू करून एखाद्या बटणावर किंवा प्रोग्रामवर आणून द्यावे लागते. यंत्र बसवून घेताना ‘यात टेलिकॉइल आहे का, असल्यास ते चालू करून द्या आणि ‘टी’वर कसे जायचे ते दाखवा’ एवढे ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे श्रवणतज्ज्ञांना, आवर्जून सांगावे. दुसरी गोष्ट निवडीची. कानाच्या नळीत पूर्ण लपणारी यंत्रे लोकांना आवडतात, कारण मशीन दिसू नये अशी इच्छा असते. परंतु तेवढ्या जागेत टेलिकॉइलला वाव नसतो. कानामागच्या काही छोट्या, चार्ज होणाऱ्या यंत्रांतूनही ते वगळलेले असते. यंत्र दिसू नये यासाठी आपण काय सोडून देतो आहोत, हे विकत घेण्यापूर्वीच सांगितले जायला हवे. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून आणि ज्येष्ठांसाठीच्या, २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्रे दिली जातात, आपल्या राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतही साधने घेण्यासाठी ३००० रुपये खात्यात जमा होतात आणि त्या साधनांत श्रवणयंत्र आहे. सार्वजनिक पैशातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक श्रवणयंत्रात टेलिकॉइल असावे आणि शिबिरातच ते चालू करून द्यावे, अशी अट खरेदीच्या वेळी घालणे शासनाला सहज शक्य आहे. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने अंतर्कर्णात बसवलेले उपकरण) झालेल्या अनेकांच्या बाहेरच्या यंत्रातही टेलिकॉइल असते, म्हणजे लूपचा लाभ त्या मुलांना आणि तरुणांनाही होईल.

ब्लूटूथ आल्यावर हे जुने तंत्र कशाला, असे मला अनेकदा विचारले जाते. ब्लूटूथ उत्तम आहे. माझा फोन मीही त्यावरच ऐकतो. परंतु ते माझ्या यंत्राची माझ्या फोनशी जोडणी करते. बँकेतील कर्मचाऱ्याच्या माइकशी किंवा रुग्णालयाच्या खिडकीशी माझी जोडणी कशी होणार? २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ऑराकास्ट या तंत्राने एका ठिकाणाहून अनेक श्रवणयंत्रांना एकाच वेळी आवाज पोहोचवता येतो आणि पुढेमागे ते पसरेलही. पण ते ऐकण्यासाठी नवे आणि महाग यंत्र लागते. शिबिरात मिळालेले साधे यंत्र वापरणाऱ्या आजींना पुढची अनेक वर्षे त्याचा उपयोग नाही, आणि ते मिळाले तरी फोनवरच्या यादीतून योग्य प्रसारण निवडणे त्यांना जमायला हवे. लूपमध्ये आवाज पोहोचायला जाणवण्याइतका विलंबही लागत नाही, म्हणून ओठांची हालचाल आणि शब्द एकत्र येतात. ही दोन्ही तंत्रे बराच काळ सोबत राहतील असे धरूनच नियोजन करावे.

उत्साहाच्या भरात लूप बसवून तो निकामी ठरू नये म्हणून तांत्रिक बाबींविषयी थोडे सविस्तर लिहितो. टेलिकॉइलला आपला आणि परका असा भेद करता येत नाही. त्याच्या टप्प्यात येणारे ऐकू येण्याजोग्या कंप्रतेचे प्रत्येक चुंबकीय क्षेत्र ते कानात पोहोचवते. आपल्या वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटीतील आवाज, जुन्या ट्यूबलाइटचे चोक, दिव्यांचे डिमर, सदोष वायरिंग यांचा उपद्रव यामुळेच होतो. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर आता २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह वापरला जातो, तेव्हा फलाटाला लागून असलेल्या खिडकीत ही गुणगुण अधिक असण्याची शक्यता धरावी लागते आणि आधी ऐकून मगच जागा ठरवावी लागते. दुसरा मुद्दा लोखंडाचा. स्टीलच्या टेबलावर उपकरण आडवे ठेवले तर चुंबकीय क्षेत्राचा बराच भाग त्या पत्र्यातच खर्ची पडतो आणि त्यातही उच्च कंप्रता, म्हणजे आम्हाला सर्वाधिक गरजेची व्यंजने, अधिक घटतात. म्हणून उपकरण लाकडी फळीवर, उभे आणि ग्राहकाच्या छातीच्या उंचीला येईल असे ठेवावे. श्रवणयंत्रातील वेटोळे कोणत्या दिशेला आहे त्यावरही ऐकू येणे अवलंबून असते. खोलीत जमिनीलगत फिरवलेल्या तारेसाठी ते उभे असणे योग्य, आणि मान फार वाकवली तर आवाज कमी होतो. सही करण्यासाठी ग्राहक खाली वाकतो तेव्हा कर्मचाऱ्याने बोलणे थांबवावे, इतकी साधी सूचना यातून निघते.

घरी स्वतः लूप करू पाहणाऱ्या हौशी मंडळींना एक विनंती. नेहमीच्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या टोकांना तारेचे वेटोळे थेट जोडू नये. स्पीकरसाठीच्या ॲम्प्लिफायरला किमान ४ ओहमच्या आसपास रोध अपेक्षित असतो आणि खोलीभोवती एकच फेरा घातलेल्या तारेचा रोध त्याहून पुष्कळ कमी भरतो, त्यामुळे ॲम्प्लिफायर तापून जळू शकतो. शिवाय वेटोळ्याच्या प्रवर्तकतेमुळे, म्हणजे बदलत्या प्रवाहाला अडवण्याच्या गुणधर्मामुळे, कंप्रता वाढेल तसा त्यातील प्रवाह घटतो आणि आवाज भसाडा, बोबडा येतो. लूपसाठीचे ॲम्प्लिफायर ठरावीक व्होल्टेज देण्याऐवजी ठरावीक प्रवाह देणारे असतात ते याच कारणासाठी. आयईसी ६०११८-४ हे आंतरराष्ट्रीय मानक याबाबत स्पष्ट आहे: बोलण्यातील जोरकस क्षणांना क्षेत्राची तीव्रता ४०० मिलिअँपिअर प्रति मीटर असावी आणि १०० ते ५००० हर्ट्झ या पट्ट्यात तिच्यात ३ डेसिबलहून अधिक फरक पडू नये. खरेदीच्या निविदेत या मानकाचा क्रमांक लिहिला नाही, तर लूप या नावाखाली काहीही येऊ शकेल.

गोपनीयतेचाही विचार हवा. लूपचे क्षेत्र भिंतीपाशी थांबत नाही. शेजारच्या खोलीत ‘टी’वर असलेल्या व्यक्तीला ते ऐकू जाऊ शकते. खिडकीवरच्या छोट्या उपकरणाची पोच कमी असल्यामुळे हा धोका नगण्य असतो, पण एकाला एक लागून असलेल्या डॉक्टरांच्या खोल्यांत मोठे लूप टाकू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साधन चालू असायला हवे. ब्रिटनमध्येही खिडकीवर खूण आहे पण उपकरण बंद आहे, चार्ज केलेले नाही किंवा कर्मचाऱ्याला त्याची माहितीच नाही, अशा तक्रारी होत असतात. आपल्याकडे उद्घाटनाचे छायाचित्र काढून झाल्यावर ते कपाटात जाणार नाही, याची जबाबदारी शाखेतील एका नेमक्या व्यक्तीकडे द्यावी लागेल.

कायद्याचा आधार आपल्याकडे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४६ नुसार सरकारी असो वा खासगी, सेवा देणाऱ्याने सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे सेवा देण्यासाठी नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात, सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक न ठेवता त्यांतील किमान निकष बंधनकारक करावेत, असे केंद्राला बजावले. त्या किमान निकषांत खिडकीवरच्या लूपचा स्पष्ट उल्लेख असावा, यासाठी राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने आग्रह धरावा. येथे एक अडचण नोंदवतो. या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणऱ्हास असेल तर व्यक्ती ऐकू येण्यात कमजोर ठरते. ५० डेसिबल ऱ्हास असलेला माणूस कायद्याने दिव्यांग नाही, त्याला प्रमाणपत्र मिळत नाही, पण काचेपलीकडचे त्यालाही ऐकू येत नाही. म्हणून लूपची सोय प्रमाणपत्र पाहून नव्हे, तर मागेल त्याला आणि न मागताही उपलब्ध असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीड अब्ज लोकांना कमी-अधिक श्रवणऱ्हास आहे आणि त्यांपैकी ४३ कोटींना उपचार-पुनर्वसनाची गरज आहे; प्रमाणपत्र नसूनही कमी ऐकू येणारी माणसे किती असतील याची कल्पना यावरून येईल.

जन्मापासून कर्णबधिर असलेल्या आणि सांकेतिक भाषा वापरणाऱ्या बांधवांना लूपचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी दुभाषी, लेखी सूचना आणि पडद्यावरील मजकूर हवा आणि ती मागणी स्वतंत्रपणे, तितक्याच जोराने व्हायला हवी. टोकन क्रमांक दाखवणारा फलक सर्वांनाच उपयोगी असतो. तो मात्र चालू ठेवावा.

नाट्यगृहे आणि व्याख्यानाची सभागृहे यांविषयी दोनच वाक्ये लिहितो, कारण तो विषय मोठ्या लूपचा आहे. मराठी नाटकाचा आणि पुण्यातील वसंत व्याख्यानमालेसारख्या १८७५ पासूनच्या परंपरेचा श्रोतृवर्ग पुष्कळसा ज्येष्ठ आहे, आणि नाट्यगृहाचे नूतनीकरण चालू असताना गालिच्याखाली तांब्याची पट्टी टाकायला जो खर्च येतो, तो खुर्च्या बसवून झाल्यावर कित्येक पटींनी वाढतो, म्हणून महापालिकांनी हे काम नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकातच धरावे.

खिडकीवरच्या लूपसाठी अशी कोणतीही वाट पाहावी लागत नाही. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था १९८३ पासून या क्षेत्रात काम करत आहे. तिच्या सल्ल्याने एखाद्या जिल्ह्यातील बँकांच्या निवडक शाखा, एसटीचे मुख्य स्थानक आणि जिल्हा रुग्णालय येथे येत्या ऑक्टोबरपूर्वी सुरुवात करता येईल. जागेच्या तपासणीसाठी बाहेरून महागडे सल्लागार आणण्याचीही आवश्यकता नाही. फेराइटच्या (जुन्या रेडिओत असे तशा चुंबकीय पदार्थाच्या) कांडीवर गुंडाळलेले वेटोळे, एक छोटा ॲम्प्लिफायर आणि इअरफोन यांतून ऐकण्याची चाचणी घेणारे उपकरण तंत्रनिकेतनातील दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून सहज बनवू शकतात. ते घेऊन विद्यार्थ्यांनी खिडकीशी उभे राहावे, दिवे, पंखे, संगणक आणि छपाई यंत्र चालू असताना गुणगुण किती येते ते ऐकावे, ग्राहक उभा राहतो त्या जागी आणि व्हीलचेअरवरून येणाऱ्याच्या उंचीला आवाज नीट पोहोचतो का ते पाहावे, आणि उपकरण कुठे ठेवायचे त्या जागेवर रंगाने खूण करून त्याची नोंद शाखाधिकाऱ्याकडे द्यावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अध्यापक व श्रवणयंत्रधारक, कोथरूड, पुणे